वरची ओळ

ऐन सौद्यांच्या दिवसांत
दुकानातला कॉम्प्युटर म्हणाला,
मुदत संपली, पैसे भरा.
तक्त्याला कुलूप.
बाहेर राजापुरी हळदीची थप्पी पत्र्याला टेकलेली,
आत मी, अकरा वर्षांची दिवाणजी,
पिवळ्या पडलेल्या कीबोर्डसमोर
हात मांडीवर घेऊन.

आदगोंडा आण्णांनी वर्षाचा आकडा ऐकला,
चष्मा काढून पुसला, परत घातला.
"एवढ्यात दोन टेम्पो माल कोल्हापूरला जातोय की, अक्का."

दुपारी मिरजेचा इर्शाद आला.
त्यांच्या घरी तंबोरे होतात,
हा एकटाच वेगळ्या तारांच्या धंद्यात.
पेन ड्राइव्ह खोचला. लिब्रे ऑफिस, म्हणाला.
"किती?"
"काही नाही."
"फुकटचं औषध लागू पडत नाही बाबा."
"फुकट नव्हे, आण्णा, मोकळं.
आत कसं बांधलंय ते कुणीही उघडून बघावं,
मोडलं तर नीट करावं, शेजाऱ्याला द्यावं."
"मग बांधणारा खातो काय?"
याचं उत्तर त्याला धड देता आलं नाही.
चहा घेऊन गेला.

पडदा मराठीत होता.
पूर्ववत करा. ओळ घाला. स्तंभ काढून टाका.
आम्ही रकाना म्हणतो; हे जरा
शाळेतल्या बाईंसारखं.
पण कुणीतरी बसलं असेल ना,
जेवणं आटोपल्यावर, एकेक शब्द लावत,
मला न ओळखता.

जुन्या पट्ट्या बघून मी सगळं परत भरलं.
आणि जुळेना.
हमालीत कुठं चाळीस पैसे, कुठं साठ.
म्हटलं, फुकटचं ते, चुकणारच.
मग पट्टीच्या पाठीवर पेन्सिलीनं गुणलं:
सात क्विंटल पंचेचाळीस किलो, दर चोवीस,
एकशे अठ्ठ्याहत्तर रुपये ऐंशी पैसे.
नवा तेच सांगत होता.
जुना सांगायचा एकशे अठ्ठ्याहत्तर
आणि कसे, विचारलं
की करडा पडायचा.

माझे वडील खरसुंडीच्या बाजारात
बैलांचे व्यवहार करायचे. रुमालाखाली.
दोन हात आत, बोटांनी बोटं चाचपायची,
वर दोघांचे चेहरे कोरे.
आई विचारायची, केवढ्याला तुटला?
ते पाणी मागायचे.
लहानपणी मला वाटायचं
आकडे म्हणजे अंधारात राहणारं काहीतरी,
गोमेसारखं.

इथं रकान्यावर बोट ठेवलं
की वरच्या ओळीत सगळं येतं:
ह्याला त्यानं गुणलं, त्यातून हे वजा.
रुमाल नाही.

शनिवारी हमाल पैसे घ्यायला आले.
बिराप्पा नेहमी सर्वांत शेवटी, कानामागं हळद.
मी पडदा त्याच्याकडं वळवला.
का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.
"हे ऐंशी पैसे कसले?"
"तुमचे."
"ह्याच्या आधी न्हवतं?"
"होते. कापले जायचे."
"कोण कापायचं?"

मी म्हणाले, प्रोग्रॅम.
खरंच होतं ते.
आणि अकरा वर्षं त्याच पट्ट्या
मीच छापत होते, मीच सही करत होते,
शेवटच्या घरातली दोन शून्यं
मला नीटनेटकी वाटायची.

बिराप्पानं नोटा मोजल्या, सुटे मोजले,
टोपीत ठेवले.
"मग आधीचं कुठं गेलं?"
भांडायला नव्हता विचारत.
चप्पल कुठं गेली, तसं.

ते गेल्यावर मी जुन्या पट्ट्यांचा गठ्ठा काढला,
दोरी सुटता सुटेना, दातानं सोडली.
हमालीच्या शेजारी एक रकाना घातला.
पहिल्या वर्षाची बेरीज आली
नुसत्या फुल्या, ओळीनं.
घाबरले. मग कळलं,
आकडा मोठा आहे, चौकट अरुंद आहे.
कड धरून ओढली.

आण्णा मागं येऊन उभे होते, किती वेळ माहीत नाही.
चष्मा पुसत म्हणाले,
"ह्या रकान्याला नाव काय देणार, अक्का?"

अजून दिलेलं नाही.


फाईल उघडीच आहे.